स्की बोटीचा तळ खडकाला लागला? या चुका टाळा

एप्रिल सरत आला की नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये काळे कातळ डोकं वर काढायला लागतात. जे वर आले ते दिसतात, त्यांची फारशी भीती नाही. बोट फोडतात ते वीत-दोन वीत पाण्याखाली दडलेले. तळाखालचा पंखा आणि फिन (खालची उभी पट्टी) धरून स्की बोटीला, म्हणजे पाण्यावर स्कीअरला दोरीने ओढणाऱ्या बोटीला, साधारण दोन फूट पाणी लागतं, आणि ती पळते केवढ्या वेगात? स्लॅलम, म्हणजे बोयांभोवती वळत स्की करायच्या स्पर्धेत पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी 58 किलोमीटर असतो. आघाताची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे ताशी 20 ला बसणाऱ्या धक्क्याच्या मानाने 58 ला बसणारा धक्का आठपटीहून जास्त. तळ कितीही जाड असला तरी हा हिशोब त्याच्या विरोधातच जातो.

धरणातल्या टक्क्यांवर भरवसा

'धरणात अजून 30 टक्के पाणी आहे, काही होत नाही' हे वाक्य काठावर फार ऐकू येतं. गंगापूरची क्षमता 5,630 दशलक्ष घनफूट. पेपरात येणारा टक्का त्या साठ्याचा असतो, खोलीचा नाही. धरणाचं पोट वर पसरट आणि खाली निमुळतं असतं. त्यामुळे 90 वरून 80 टक्क्यांवर येताना पातळी जेवढी उतरते, त्याहून कितीतरी जास्त ती 30 वरून 20 वर येताना उतरते. मागच्या रविवारी मोकळी असलेली वाट या रविवारी खडकाळ निघते ती यामुळेच.

याच्या उलट प्रकार मला जास्त घातक वाटतो. वरच्या काश्यपी किंवा गौतमी गोदावरी धरणातून पाणी सोडलं की इथली पातळी चढते आणि काल दिसणारा कातळ आज झाकला जातो. काल तो पाहिलेला नाविक आज दुसरा असेल, तर त्याला कोण सांगणार? म्हणून उन्हाळ्यात खडक उघडे असतानाच त्यांच्यावर दगड बांधून तरंगते डबे सोडून ठेवा. दोरी मात्र पाणी चढेल हे धरून लांब ठेवा. डेप्थ मीटर लावला की झालं, असंही समजू नका. तो बोटीखालची खोली दाखवतो, पुढची नाही, आणि ताशी 58 ला बोट सेकंदाला 16 मीटर पुढे जाते. स्कीअर मागे घेण्याआधी सगळी वाट एकदा अगदी हळू फिरून, काठीने चाचपून घ्या. पहिल्या पुरानंतर ओंडके आणि पाणवेली येतात, तेव्हाही हेच.

आउटबोर्डचा हिशोब स्की बोटीला लावणं

आपल्याकडे बहुतेकांचा हात आउटबोर्डवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनवर बसलेला. आउटबोर्डचा पाय खडकाला लागला की बहुतेक वेळा उचकून वर येतो, निम्मा धक्का तिथेच जिरतो. इंजिन आत असलेल्या, म्हणजे इनबोर्ड स्की बोटीत तसं नाही. इंजिन मधोमध, शाफ्ट तिरका तळातून बाहेर, त्याला धरणारा स्ट्रट तळाला बोल्टने आवळलेला आणि पुढे सरळ रेषेत धावण्यासाठी फिन. यातलं काहीच वर उचलत नाही. पंख्याला लागलेला दणका शाफ्टमधून कपलिंगला, गिअरला आणि इंजिनच्या माउंटिंगला जातो. फिनला लागलेला बोल्टमधून थेट तळात आणि तिथून स्ट्रिंगरमध्ये, म्हणजे तळाला आतून लांबीने दिलेल्या आधाराच्या पट्ट्यांत. बाहेर फिन नुसता वाकलेला दिसतो, आत त्याच्या बुडाशी फायबर उकललेलं असतं.

दणका बसल्यावर रेस देऊन काठ गाठणं

आवाज झाला की घाबरून रेस वाढवली जाते. आधी न्यूट्रल. बोटीतली माणसं आणि पाण्यातला स्कीअर ठीक आहेत का ते बघा, इंजिन बंद करून त्याला आत घ्या, दोरी गोळा करा. मग इंजिनचं झाकण उघडून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या सगळ्यात खालच्या भागात, पाणी येतंय का ते डोळ्यांनी बघा. पंपाच्या आवाजावरून अंदाज बांधू नका. येत असेल तर आतून टॉवेल, जॅकेट, जे हाताला लागेल ते दाबून धरा आणि माणसं अशी बसवा की फुटलेली बाजू वर उचलली जाईल. मग पंखा फिरत असेल तर अगदी आयडलवर जवळच्या मऊ चिखलाच्या काठाला बोट चढवा. बोट क्लबच्या धक्क्यापर्यंत जायचा हट्ट नको. शाफ्ट वाकलेला असेल तर तो प्रत्येक फेऱ्याला ग्लँडमधून (शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथलं सील) जास्त पाणी आत ओढतो आणि स्ट्रटचं बेअरिंग खातो.

इथे आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. हेच पाणी नाशिककर पितात. पाऊस लांबला की जॅकवेलपर्यंत (शहरासाठी पाणी उपसायच्या विहिरीपर्यंत) पाणी यावं म्हणून चर खोदायच्या चर्चा सुरू होतात, इतकं ते मोलाचं. बिल्जमध्ये तेल किंवा पेट्रोल उतरलेलं असेल तर पंप धरणात चालवू नका. बोट बुडण्याची वेळ आली तर गोष्ट वेगळी. एरवी काठावर डब्यात उपसा.

फक्त बाहेरून बघून 'जेलकोटच गेलाय' म्हणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबतो. जेलकोट म्हणजे बाहेरचा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा गुळगुळीत थर. ताकद त्याच्या मागच्या काचेच्या मॅट, रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं विणलेलं कापड) आणि रेझिनमध्ये असते. बाहेरून दणका बसला की तळ आत वाकतो. बाहेरची बाजू दाबली जाते, आतली ताणली जाते. बऱ्याचदा तडा आधी आतल्या बाजूला जातो आणि बाहेर नुसती खरवड किंवा एका बिंदूतून फुटलेल्या बारीक रेषा दिसतात. अशा रेषा दिसल्या तर त्यांच्या बरोबर मागे आत काय झालंय ते पाहिल्याशिवाय बोट पाण्यात सोडू नका.

बोट ट्रेलरवर घ्या, तळ धुऊन कोरडा करा आणि एक रुपयाच्या नाण्याने किंवा छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने टिचक्या मारत जा, बाजारात माठ वाजवून घेतात तसं. धड भागाचा आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. आवाज बदलला तिथे मार्करने खूण करा. खुणा जोडल्या की जी आकृती दिसते ती खरवडीपेक्षा बहुधा मोठी निघते. फिन आणि स्ट्रटच्या भोवती तर चारही बाजूंनी वाजवा. फिन हाताने हलवून बघा. बुडाशी केसभर जरी हालचाल दिसली तरी बोल्ट काढून आतलं प्लाय किंवा फायबर तपासायलाच हवं.

गळती कुठून ते कळत नसेल तर उलटं करा. तळाचा पाणी काढायचा प्लग लावून बिल्जमध्ये तीन-चार इंच पाणी ओता आणि खाली कुठे ओल येते ते बघत बसा. जास्त ओतू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ट्रेलरवर तळाला आधार फक्त बंकच्या पट्ट्यांचा असतो. पोकळीत फोम भरलेला असेल तर या युक्तीवर विसंबू नका, फोम पाणी भलतीकडे नेतो.

वरवर पुट्टी

एम-सील लावून वर रंग मारला की तळ छान दिसतो. काठ गाठायला ते ठीक, स्कीइंगला नाही. अंबड-सातपूरला फायबरचे कसबी कारागीर आहेत, पण त्यांचा रोजचा हात टाक्या आणि बंपरवर बसलेला. पाण्याखालच्या तळाला काय लागतं ते तुम्ही सांगायला हवं. मोडलेलं फायबर धड थर लागेपर्यंत घासून काढायचं. कडा जाडीच्या बारापट उतार देऊन निमुळती करायची, म्हणजे 6 मिलिमीटरच्या तळाला चारी बाजूंनी 72 मिलिमीटर. नुसती मॅट नको, मूळ बांधणीसारखे मॅट आणि रोव्हिंगचे थर हवेत. इपॉक्सी वापरलं तर त्यावर नेहमीचा जेलकोट नीट धरत नाही, हे आधीच ठरवून घ्या.

ओलसर फायबरवर रेझिन चिकटत नाही, म्हणून पावसाळ्यात घाई नको. नाशिकच्या थंडीत सकाळी पारा एक आकडी होतो आणि पॉलिएस्टर रेझिनला साधारण 15 अंशांखाली नीट धरता येत नाही. तेव्हा हार्डनर वाढवून भागवू नका, दुपारी काम करा. मेच्या उन्हात तेच रेझिन डब्यातच घट्ट होतं. थोडं थोडं कालवा.

थरथर सुरू राहूनही स्कीअर ओढणं

पंख्याचं पातं किंचित वाकलं तरी थरथर येते. पंखा बदलूनही ती राहिली तर शाफ्ट, स्ट्रट, मग कपलिंग या क्रमाने जा. शाफ्ट आणि गिअर जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) चारी बाजूंनी मोजा, फरक 0.08 मिलिमीटरच्या आत हवा. हे मोजमाप बोट पाण्यात तरंगत असतानाच घ्या, कारण ट्रेलरवर तळाचा बाक बदलतो. त्याच बाकामुळे, बंक चुकीच्या जागी असतील तर तळाला कायमची पोचट वळी पडते आणि खडक न लागताही बोटीची चाल बिघडते. तसं होत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी तळाखाली लांब सरळ पट्टी लावून बघा.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी स्कीअरशिवाय, काठाजवळ आणि इंजिनचं झाकण उघडं ठेवून मारा. दहा मिनिटांनी थांबून फिन आणि स्ट्रटच्या बोल्टभोवती हाताचं कोरडं बोट फिरवा. ओल लागली तर त्याच दिवशी बोट बाहेर काढा.