दहावीचं इंग्रजी: मला फसवलं ते ओळखीच्या शब्दांनी

2020च्या जानेवारीत पूर्वपरीक्षेची इंग्रजीची उत्तरपत्रिका तपासून हातात आली तेव्हा मला 80पैकी 38 गुण होते. वर्गाबाहेर जाऊन मी रडले. दप्तरात दोनशे पानी वही होती आणि त्या वहीत मी स्वतःच्या हाताने उतरवलेले बाराशेच्या वर शब्द होते. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. कुठलाही शब्द विचारा, अर्थ तोंडपाठ. आणि पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला 15पैकी 4.

मी मराठी माध्यमाची, इंग्रजी तृतीय भाषा. तशाच मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. कृतिपत्रिकेत, म्हणजे इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत, काय काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. माझं नुकसान जिथे झालं ते मात्र सविस्तर सांगते.

तो उतारा पुरात अडकलेल्या गावातल्या एका डॉक्टरबद्दल होता. त्यात एक वाक्य होतं: 'ही हार्डली स्लेप्ट दॅट नाइट.' माझ्या वहीत 'हार्ड' म्हणजे कठीण, जोरात. 'वर्क हार्ड' म्हणजे खूप मेहनत कर, हे तर पाचवीपासून माहीत. मग 'हार्डली स्लेप्ट' म्हणजे खूप झोपला, गाढ झोपला, असं मी धरून चालले. अर्थ बरोबर उलटा आहे: त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पुढच्या परिच्छेदात होतं, 'द रेस्ट ऑफ द टीम लेफ्ट बाय बोट.' वहीत 'रेस्ट' म्हणजे विश्रांती. म्हणजे पथकाने होडीत विश्रांती घेतली. खरं तर बाकीचं पथक होडीने निघून गेलं होतं आणि डॉक्टर एकटा मागे राहिला होता. उताऱ्याचा जीवच त्यात होता.

आता याचे गुण कसे गेले ते बघा. डॉक्टर सकाळी का थकलेला होता, या प्रश्नाचं उत्तर चुकलं. शेवटी स्वतःचं मत विचारलं होतं, तिथे मी 'आणीबाणीतही शांत झोपता आलं पाहिजे' असं लिहून आले. सारांशाला 5 गुण असतात. त्यात माझा डॉक्टर झोपलेला, पथक आराम करणारं आणि शीर्षकही त्याला साजेसं. शब्दसंग्रहावरच्या कृतीचे 2 गुण मात्र मला पूर्ण मिळाले होते. म्हणजे शब्द 'येत' होते. दोन शब्दांनी अख्खा उतारा उलटा केला होता.

त्याच उताऱ्यात मला अजिबात माहीत नसलेले सात-आठ शब्द होते. त्यातल्या एकानेही माझं काही बिघडवलं नाही. अनोळखी शब्द आला की आपण थबकतो, मागचंपुढचं बघतो, निदान शंका तरी घेतो. ओळखीच्या शब्दापाशी कोणी थांबत नाही. फसगत तिथे होते.

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते इंग्रजीच्या नव्हे, मराठीच्या बाईंनी. वही दाखवल्यावर त्यांनी विचारलं, "खाणे म्हणजे काय?" मी म्हटलं, अन्न खाणे, जेवणे. त्या म्हणाल्या, "मग मार खाणे? डोकं खाणे? भाव खाणे? पैसे खाणे? हे तुला कोणी वहीत लिहून दिलं होतं का?" नव्हतं. मी ते वाक्यांतून ऐकत मोठी झाले होते. इंग्रजी शब्दही तसाच वागतो. त्याचा अर्थ शेजारचे शब्द ठरवतात, आणि मी प्रत्येक शब्द शेजाऱ्यांपासून तोडून वहीत कोंडला होता.

वही फेकू नका. त्या वहीत तुमची मेहनत आहे. तिला फक्त तिसरा रकाना जोडा: ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य, जसंच्या तसं. तोच शब्द दुसऱ्या अर्थाने भेटला की त्याच नोंदीखाली दुसरं वाक्य. मी असं करायला लागले तेव्हा जुन्या वहीतल्या किती शब्दांना दुसरं तोंड आहे ते बघून घाबरले. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता, पण 'ॲड्रेस्ड द क्राउड' म्हणजे जमावापुढे भाषण केलं. 'फाइन' म्हणजे छान, दंडही, आणि धुळीला लावलं तर बारीक. 'नॉव्हेल' म्हणजे कादंबरी, पण 'नॉव्हेल आयडिया' म्हणजे अगदी नवी कल्पना. 'ग्रेव्ह' म्हणजे थडगं, पण 'ग्रेव्ह मिस्टेक' म्हणजे गंभीर चूक. 'साउंड स्लीप'मध्ये आवाज नसतोच, ती गाढ झोप.

याहून घातक आहेत चिमुकले शब्द, कारण ते वहीत लिहावेत असं कोणालाच वाटत नाही. 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे काही लोक आले. त्यातला 'अ' काढा, 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कोणी आलं नाही. 'अनलेस'च्या पोटात नकार दडलेला असतो: जर नाही, तर. 'टू टायर्ड टू वॉक'मध्ये 'नॉट' कुठेच दिसत नाही, तरी अर्थ आहे की इतका दमला होता की चालवेना. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे की व्याकरणाच्या कृतीत हीच वाक्यं आपण 'सो दॅट नॉट' घालून धडाधड बदलतो आणि उताऱ्यात तेच वाक्य आलं की सरळ वाचून पुढे जातो. मी गेले होते.

ओळखायचं कसं? शब्द अर्थ बदलतोय याची खूण शेजारच्या वाक्यात मिळते. माझ्या डॉक्टरच्या उताऱ्यात पुढच्याच ओळीत होतं की सकाळी त्याचे डोळे लाल होते. गाढ झोपलेल्या माणसाचे डोळे लाल का असतील? मी ते वाचलं आणि सोडून दिलं. दोन वाक्यं एकमेकांशी भांडायला लागली की चूक उताऱ्याची नसते. मागे जाऊन कुठल्या ओळखीच्या शब्दाने दगा दिला ते शोधायचं. एवढी एक सवय लागली तरी खूप फरक पडतो, हे मी खात्रीने सांगते.

वाचनाबद्दल बोलू. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत वाट बघायची आपल्याला सवय. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं आणि बाकीची वरात त्यानंतर. लांब वाक्यात मी आधी दोनच गोष्टी शोधायला शिकले: कोण, आणि त्याने काय केलं. 'द बॉय हू ब्रॉट द लेटर लेफ्ट' यासारखं वाक्य आलं की पूर्वी माझा गोंधळ उडायचा, दोन क्रियापदं कशी? त्यावर आपल्याकडे उत्तम औषध आहे: जो-तो. ज्या मुलाने पत्र आणलं, तो निघून गेला. 'हू', 'विच', 'दॅट' दिसलं की मनात जो-तो लावून बघा. मनात मराठी आणू नका असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. समजून घेताना मराठीचा आधार घेण्यात कमीपणा नाही. शब्दाला शब्द लावत भाषांतर करणं चूक आहे, अर्थ मराठीत पकडणं चूक नाही.

आता वाचायचं काय? मला कोणीतरी इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख रोज वाच म्हणून सांगितलं. आठ दिवसांत माझा आत्मविश्वास पार गेला. दहावीच्या मुलाला अग्रलेख देऊ नका. त्याऐवजी बालभारतीची इंग्रजी माध्यमाची खालच्या वर्गांची पुस्तकं घ्या, पीडीएफ मोफत मिळतात. मी सातवीचा इतिहास घेतला. शिवाजी महाराजांचा काळ आपल्याला मराठीतून पाठच असतो. सिद्दी जौहरने 1660मध्ये पन्हाळ्याला वेढा घातला हे माहीत असल्यामुळे 'सीज' शब्द दिसला की शब्दकोश न उघडता कळतं, हाच तो वेढा. महाराज वेढ्यातून निसटले हे माहीत आहे, म्हणजे 'एस्केप' कळला. गोष्ट ठाऊक, भाषा नवी. अंदाज बांधण्याची सवय इतक्या स्वस्तात दुसरीकडे लागत नाही. विज्ञानाचंही तसंच. रोज एक पान, मोठ्याने, मग पुस्तक मिटून चार वाक्यांत सांगायचं की काय वाचलं. सांगताना अडलात तर वाचलेलं कळलं नव्हतं. पान परत वाचा.

अनोळखी शब्द आला तर पेनने खूण करा आणि पुढे जा. दर शब्दाला कोश उघडाल तर पानाचा धागाच हातात राहत नाही. परिच्छेद संपल्यावर मागे या, शब्द फोडून बघा. 'प्राइसलेस' म्हणजे किंमत नसलेलं असं वाटेल, पण आपला 'अमूल्य' तसाच बनलाय ना? अ आणि मूल्य. ज्याची किंमत करता येत नाही असं. अशा ठिकाणी मराठी तुमच्या बाजूने उभी असते.

पाठांतराबद्दल थोडक्यात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आपण किती भराभर विसरतो ते मोजलं आणि 1885मध्ये ते छापलं. सगळ्यात जास्त गळती पहिल्या एक-दोन दिवसांत होते. म्हणून रविवारी बसून शंभर शब्द करण्यापेक्षा आज केलेले बारा उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने झाकून आठवायचे. झाकून. नुसतं वाचून 'येतंय' वाटतं, तो भास आहे.

आणि शब्द किती हवेत याची धास्ती घेऊ नका. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्यात शिकवत होते. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना नेमके कुठले शब्द लागतात यावर त्यांनी काम केलं. 1953मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी साधारण 2000 शब्दांची होती. त्या यादीत एकेका शब्दाचे वेगवेगळे अर्थ किती वेळा येतात तेही मांडलेलं होतं. हे मला नंतर कॉलेजात कळलं तेव्हा वाटलं, माझे बाराशे कमी नव्हतेच. मी प्रत्येकाचा एकच अर्थ धरून बसले होते.

आता कडू बोलते. गाइडमधली तयार उत्तरं पाठ करून पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांवर वेळ निभेल, बाहेरच्या उताऱ्यात ती शून्य कामाची. रोज दहा शब्दांची चित्रं मोबाइलवर बघणं हा अभ्यास नाही, त्या शब्दांना वाक्यच नसतं. ज्या क्लासमध्ये सर प्रत्येक ओळीचा अर्थ स्वतः सांगून मोकळे होतात, तिथे वाचन सरांचं सुधारतं, तुमचं नाही. मी अशा क्लासला वर्षभर गेले, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून फी भरली होती, म्हणून राग अजून आहे. अर्थ सांगणाऱ्यापेक्षा 'मग पुढे कोणी काय केलं?' असं विचारणारं माणूस शोधा. शिक्षकच हवेत असं नाही. मोठी बहीण चालेल, सोबत अभ्यास करणारी मैत्रीण चालेल.

पेपरात उतारा आधी वाचावा की प्रश्न? बरेच जण प्रश्न आधी म्हणतात. माझं मत वेगळं आहे. प्रश्न आधी वाचले की डोळे उत्तराचा शब्द हुडकत फिरतात आणि 'हार्डली'सारखा शब्द हमखास निसटतो. उतारा एकदा संथपणे पूर्ण वाचा, तीन-चार मिनिटं लागतील, मग प्रश्न, मग पुन्हा उतारा. वेळ पुरत नाही अशी भीती वाटत असेल तर घरी घड्याळ लावून तीन तासांची जुनी कृतिपत्रिका दोन-तीनदा सोडवून बघा. पहिल्या वेळी पुरणार नाही. माझी पहिली दोन्ही वेळा अर्धवट राहिली. तिसऱ्यांदा पुरली. जानेवारी संपत आला असेल तरीही उशीर झालेला नाही. मला पूर्वपरीक्षेनंतर जेमतेम सहा आठवडे मिळाले होते आणि मार्चमध्ये बाहेरच्या उताऱ्याचा सारांश लिहिताना हात थरथरत नव्हता.

शेवटच्या भाषांतराच्या प्रश्नाला 5 गुण असतात: शब्द, वाक्यं आणि एक म्हण किंवा वाक्प्रचार. सुटे शब्द तिथे तुमच्या जुन्या वहीतून येतील. वाक्यांत मात्र पुन्हा तोच खड्डा आहे, तेव्हा लिहिलेलं मराठी वाक्य एकदा स्वतःशी हळू आवाजात म्हणून बघा. घरात कोणी असं बोलेल का? नसेल बोलत, तर कुठला तरी ओळखीचा शब्द पुन्हा तपासा.