स्टिकरच्या रेणूची शेपटी पाण्यात कशी वळते? तार आणि थर्मामीटर घेऊन बघा

केळीच्या मेणचट पानावर नुसतं पाणी थांबत नाही, म्हणून फवारणीच्या पंपात स्टिकर, म्हणजे फवारा पानाला धरून ठेवणारं द्रव, टाकतात. रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत हे कोणाला सांगायची गरज नाही. यातल्या नॉन-आयोनिक, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, स्टिकरच्या रेणूला दोन टोकं असतात. एक तेलकट, ते मेणाला धरतं. दुसरी पॉलीईथरची आखूड शेपटी, ती पाण्यात रमते. शेपटीची रचना अगदी साधी: दोन कार्बन, एक ऑक्सिजन, परत दोन कार्बन, एक ऑक्सिजन. पण पाण्यात गेली की ती आकार बदलते, आणि पाणी तापलं की पुन्हा बदलते. हे समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही.

आधी तार

बांधकामाची बाइंडिंग वायर १५ सेंटिमीटर कापा. दर ३ सेंटिमीटरला एकदा वर, एकदा खाली असे चार बाक द्या. प्रत्येक कोन काटकोनापेक्षा थोडा मोठा, साधारण ११० अंश. पहिल्या आणि चौथ्या बाकावर लाल दोरा गुंडाळा, हे ऑक्सिजन. बाकीचे दोन बाक आणि दोन्ही टोकं म्हणजे कार्बन. हा झाला डायमेथॉक्सिइथेन, या कुळातला अगदी छोटा रेणू.

तार टेबलावर सपाट ठेवून दोन लाल दोऱ्यांमधलं अंतर मोजा. साडेसात सेंटिमीटरच्या आसपास येईल. आता मधला तुकडा पकडीत धरा आणि एक बाजू त्याच्याभोवती एक तृतीयांश फेरा फिरवा. पुन्हा मोजा: पावणेसहा. खऱ्या रेणूत हेच अंतर साधारण ३.६ अँगस्ट्रॉमवरून २.८ वर येतं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). द्रव पाण्यात शेजारशेजारच्या दोन रेणूंचे ऑक्सिजनही जवळपास २.८ अँगस्ट्रॉमवरच असतात, म्हणून पिळलेली शेपटी पाण्याच्या जाळ्यात सहज बसते. शिवाय सपाट आकारात दोन्ही ऑक्सिजनांची विद्युत-ओढ एकमेकींना मारते, पिळलेल्या आकारात ती शिल्लक राहते, आणि पाण्याला असा ध्रुवीय रेणू आवडतो.

एवढ्याशा रेणूतही फिरणारे बंध तीन आणि प्रत्येकाला तीन जागा, म्हणजे २७ मांडण्या. सारख्या दिसणाऱ्या एकत्र केल्या तरी १० उरतात. वायुरूपात रेणूचं एक टोक वळून स्वतःच्याच दुसऱ्या ऑक्सिजनकडे झुकतं, अशी मांडणी बरीच आढळते. पाण्यात तो ऑक्सिजन पाण्याच्या हायड्रोजनने धरलेला असतो. मग टोक सरळ राहतं, मधला बंध तेवढा पिळलेला, आणि याच आकाराचं प्रमाण वाढतं.

अंतराचं महत्त्व किती, ते बघा. दोनऐवजी एकच कार्बन ठेवून केलेली साखळी म्हणजे गिअर-बुशचं कडक प्लास्टिक, पॉलीऑक्सिमिथिलीन. तिच्यात ऑक्सिजन जास्त, तरी ती पाण्यात विरघळत नाही.

मग थर्मामीटर

दुकानातून नॉन-आयोनिक स्टिकर आणा. सिलिकॉनवाला नको, तो बहुधा साध्या पाण्यातही गढूळच दिसतो. शाम्पू किंवा भांड्यांचा साबणही चालणार नाही, त्यात बहुतेक आयोनिक माल असतो. हातमोजे घाला, भांडी जुनी घ्या आणि ती परत स्वयंपाकघरात नेऊ नका. कीटकनाशक यात अजिबात आणायचं नाही, फक्त स्टिकर.

१०० मिली पाण्यात १ मिली स्टिकर, बिनसुईच्या सिरिंजने मोजून. सावकाश ढवळा, फेस झाला तर काही दिसणार नाही. हे पाणी परीक्षानळीत भरून नळी गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करा. मागे छापील कागद धरा. नळीत बुडवायचा थर्मामीटर ११० अंशांपर्यंतचा हवा, तापाचा नव्हे.

एका तापमानाला अक्षरं पुसट होतील आणि नळीत दुधट ढग येईल. तो आकडा लिहा, पण त्यावर फार विसंबू नका. नळी बाहेर काढा, निवू द्या, आणि अक्षरं परत स्वच्छ दिसतील तो आकडा खरा धरा. तापवताना नळीच्या कडेला आणि मध्ये फरक पडतो. याला क्लाउड पॉइंट म्हणतात. नऊ एककांची (एक एकक म्हणजे दोन कार्बन, एक ऑक्सिजन) शेपटी असलेल्या नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट या नॉन-आयोनिक द्रव्याचा तो साधारण ५४ अंश सेल्सिअस येतो. शेपटी लांब, तर आकडा वर. उकळेपर्यंत ढग आला नाही, तर शेपटी बरीच लांब आहे. पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून बघा, ढग लवकर येतो.

साखर तापवल्यावर जास्त विरघळते, मग हे उलटं का? स्वीडनच्या गुन्नार कार्लस्ट्रॉम यांनी १९८५ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं. पाण्याला आवडणाऱ्या मांडण्या थोड्या, न आवडणाऱ्या पुष्कळ. थंडीत पाण्याची ओढ जिंकते. उष्णता वाढली की संख्या जिंकते, शेपट्या कमी ध्रुवीय आकारांत जातात, पाणी त्यांना सोडतं आणि स्टिकरच्या रेणूंचे पुंजके एकमेकांना चिकटतात. दुसरं मत हायड्रोजन बंध सैल होण्यावर भर देतं; दोन्ही एकत्र खरी असू शकतात. नळीत दिसतो तो पुंजक्यांचा परिणाम. एकेका बंधाचा पीळ ओळखायचा तर १९२८ मध्ये सी. व्ही. रामन यांनी शोधलेल्या प्रकाश-विखुरणीसारख्या तंत्राचा आधार घ्यावा लागतो.

शेतात याचं काय?

दोन औषधं एकमेकांना न मानवून पंपातलं द्रावण फाटतं, ते निवल्यावर जुळत नाही. हा ढग जुळतो. टाकीतलं पाणी गढूळ दिसलं तर आधी ग्लासभर काढून सावलीत निवू द्या, तेवढ्यात उलगडा होतो.

मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं. तुमच्या स्टिकरचा क्लाउड पॉइंट पन्नाशीच्या आत आला असेल, तर ते पहिलं पाणी बांधावर सोडून द्या आणि टाकी सकाळी, सावलीत भरा.