व्यक्ती आणि समाज: रसग्रहण लिहिताना नेमकं काय शोधायचं

रसग्रहणाच्या पेपरात किंवा फिल्म क्लबच्या चर्चेत 'व्यक्ती विरुद्ध समाज' हा विषय हमखास निघतो, आणि बहुतेक लेख एकाच वाक्यावर येऊन थांबतात: समाजाने तिचा बळी घेतला. वाक्य खोटं नाही, पण ते कुठल्याही कलाकृतीला चिकटवता येतं, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. कथेत किंवा पडद्यावर 'समाज' नावाचं पात्र कधी येत नाही. सासरा येतो, मास्तर येतात, वकील येतो, शेजारीण येते, कायदा येतो, दाराची कडी येते. यातलं कोण, कशाच्या जोरावर माणसाला अडवतं ते सापडलं की अर्धा लेख झाला.

हजारेक शब्द लिहायचे असतील तर एकच कलाकृती घ्या, फार तर दोन. 'मराठी चित्रपटातील स्त्री' असला पसारा मांडला की प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला दोन ओळी येतात. कलाकृती ठरली की त्यातला एकच प्रसंग निवडा: चित्रपटात दोन ते चार मिनिटांचा, पुस्तकात तीन-चार पानांचा. सगळा लेख त्या प्रसंगाच्या आधाराने उभा राहिला पाहिजे.

पहिल्यांदा वही-पेन बाजूला ठेवून सलग वाचा किंवा पाहा. दुसऱ्यांदा वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ किंवा पान, कोण अडवतं, कशाने अडवतं (शब्द, वस्तू, नियम, नजर), आणि अडवलेला माणूस त्यावर काय करतो. चौथा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि लेख तिथेच पडतो. ज्याला अडवलंय तो फक्त सोसत नाही. टाळतो, लपतो, हसून वेळ मारून नेतो, उलट बोलतो. ते नोंदवलं नाही तर पात्राचं पोस्टर होतं.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मधला (2013) डुक्कर पकडण्याचा प्रसंग या रकान्यांत भरून पाहा. शाळकरी जब्याचं कैकाडी कुटुंब शाळेजवळ डुकरामागे धावतंय. डुक्कर हाती लागणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या सावधानमध्ये उभा राहतो, मग घरचेही थांबतात, आणि डुक्कर निसटतं. कोण अडवतं? इथे समोर कोणी माणूसच नाही. कशाने? शाळेत शिकवलेल्या शिस्तीने. जी शाळा त्याला समान नागरिक म्हणून उभं राहायला शिकवते, तिच्याच आवाराबाहेर त्याला जातीने वाटून दिलेलं काम करावं लागतंय, आणि त्याच शाळेतली मुलं ते बघून हसतायत. पुढे मेलेलं डुक्कर काठीला टांगून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबांची चित्रं दिसतात. नवखा लिहिणारा 'प्रतीकात्मक दृश्य' म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी चित्रं फ्रेममध्ये कुठे आहेत, चालणाऱ्यांपैकी कोणाची नजर तिकडे जाते का, कॅमेरा किती वेळ थांबतो, हे लिहा. अर्थ त्या तपशिलातूनच निघतो, वेगळा सांगावा लागत नाही.

प्रत्येक माध्यमाची माणसाला कोंडीत पकडण्याची तऱ्हा निराळी असते. कादंबरीकडे आतला आवाज असतो. ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. ती यमू स्वतःच्या तोंडून सांगते, त्यामुळे घरातली बंधनं आपल्याला आधी एका मुलीच्या समजुतीने दिसतात. इथे प्रश्न असा विचारा: निवेदकाला काय कळत नाही, जे वाचकाला कळतं?

नाटकाकडे बंद खोली असते. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (पहिला प्रयोग 1967) वाचताना दाराच्या कडीवर लक्ष ठेवा. सुरुवातीलाच नाटकमंडळीतल्या शिक्षिकेचं, लीला बेणारेचं, बोट त्या कडीत सापडतं आणि ती ते हसण्यावारी नेते. पुढे मंडळींनी तिलाच आरोपी करून मांडलेला अभिरूप (खोटाखोटा) खटल्याचा खेळ अंगावर येऊ लागतो, ती निघून जायला बघते, तर दार उघडत नाही. आता घड्याळाकडे या. निकालाआधी तिला बोलायला दहा सेकंद दिले जातात. त्या दहा सेकंदांत तिचं दीर्घ स्वगत होतं, बाकीची पात्रं जागच्या जागी गोठलेली असतात. म्हणजे ती जे बोलते ते प्रेक्षक ऐकतो, कोर्टातलं कोणी ऐकत नाही. 'बेणारेने समाजाला सडेतोड उत्तर दिले' हे वाक्य या नाटकावरच्या लेखात फार वेळा दिसतं आणि ते चूक आहे. उत्तर समाजापर्यंत पोचतच नाही, तेंडुलकरांनी रचनाच तशी केली आहे. आरोप आणि शिक्षा शेजारी-शेजारी लिहून काढा, तेही उपयोगी पडतं: खटला सुरू होतो भ्रूणहत्येच्या आरोपाने, आणि संपतो पोटातला गर्भ नष्ट करण्याच्या हुकुमाने. त्या गर्भाचे बाप प्राध्यापक दामले रंगमंचावर येतच नाहीत, याचीही नोंद हवी.

चित्रपटाकडे चौकट आणि आवाज. निवडलेला प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा स्क्रीनकडे पाठ करून नुसता ऐका, आणि तिसऱ्यांदा किती वेळा शॉट बदलतो ते मोजा. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू'त (1937) पार्श्वसंगीत नाही, घरातले-रस्त्यावरचे आवाजच आहेत. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीच्या खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येते, कारण त्या टिकटिकीवर पांघरूण घालायला व्हायोलिन नाही. उलट चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (2014) कॅमेरा लांबवर खिळून बसतो. लोकशाहीर नारायण कांबळेला कोणी मारत नाही की ओरडत नाही, नुसत्या तारखा पडत राहतात. तिथे क्लोजअप शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही. फ्रेममध्ये किती माणसं आहेत आणि त्यांपैकी किती जणांचं त्याच्याकडे लक्ष आहे, ते मोजा.

याच चित्रपटातली सरकारी वकील बाई आपण घरीही पाहतो: मुलाला आणणं, स्वयंपाक, सुट्टीत नाटक. अडवणारा माणूस असा साधा निघाला की लेखात त्याला खलनायक करू नका. 'कुंकू'तही बंधन घालणारे सगळे पुरुषच आहेत असं नाही, आणि सुधारणेच्या बाजूने बोलणारी मुलगी त्याच म्हाताऱ्याची आहे. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती.

कायद्याची सन-तारीख न तपासता लिहू नका, सगळ्यात जास्त फजिती इथे होते. 'कुंकू'तली नायिका घटस्फोट का घेत नाही, असं आजचा विद्यार्थी सहज विचारतो. शारदा कायदा, म्हणजे बालविवाह रोखणारा कायदा, 1929 चा; त्याने मुलीचं किमान वय 14 आणि मुलाचं 18 ठरवलं, नवरा किती म्हातारा असावा यावर त्यात काही नाही. हिंदू विवाह कायदा 1955 मध्ये आला. म्हणजे लग्न कायदेशीर होतं आणि बाहेर पडायचं दार जवळपास नव्हतंच. तसंच वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 चा, बेणारेच्या खटल्यानंतरचा. कोर्टाच्या त्या हुकुमात किती ढोंग आहे ते ही तारीख माहीत असली की दिसतं.

लिहायला बसल्यावर कथानकाला 120 ते 150 शब्दांपेक्षा जास्त देऊ नका, निवडलेल्या प्रसंगाला निदान 400 द्या. काळ आणि कायदा 150 शब्दांत बसतो. उरलेली जागा शेवटाला ठेवा, कारण या विषयातल्या कलाकृती शेवटी काय करतात ते महत्त्वाचं असतं. 'फँड्री'त जब्याचा दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. दगड मारला एवढंच लिहिलं तर ते कथानक झालं; कॅमेऱ्याच्या जागी कोण बसलंय ते लिहिलं तर रसग्रहण.

मसुदा झाला की त्यात 'समाज', 'व्यवस्था', 'पुरुषप्रधान' हे शब्द शोधून प्रत्येकाखाली रेघ मारा. जिथे जमेल तिथे त्या जागी पात्राचं नाव, वस्तू किंवा नियम घाला. पाचशे शब्दांत एखाददुसरा राहिला तर चालेल. 'आजही परिस्थिती बदललेली नाही' हे शेवटचं वाक्य मात्र सरळ खोडा.

आणि नावं पुन्हा एकदा ताडून पाहा. 'पण लक्षात कोण घेतो' हरि नारायण आपटे यांची. 'कुंकू' ज्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आहे ती नारायण हरि आपटे यांची. ही अदलाबदल छापील पुस्तकांतही सापडते, आणि परीक्षक नेमकी तीच शोधत असतो.