बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांबद्दल आपल्या भागात जागृती कशी करायची

बालगृहात वाढदिवस साजरा करायला, केक आणि वह्या वाटायला भरपूर लोक जातात, चांगलंच आहे ते, पण तिथल्याच मुलाला १८ पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं हे त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यातही येत नाही. आपल्या घरातलं पोरगं त्या वयात साधं बँकेत जायचं तरी आपल्याला सोबत नेतं आणि या मुलांनी रूम, नोकरी, कागदपत्रं सगळं एकट्याने बघायचं. म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे स्वतः नीट माहिती घ्या. बाल न्याय कायदा २०१५, कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मदतीची तरतूद आहे, अनुरक्षण म्हणजे आफ्टरकेअर, बाहेर पडल्यानंतरचा आधार, २१ वर्षांपर्यंत मिळू शकतं, अपवाद म्हणून २३ पर्यंत, आणि केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४००० रुपये धरलेत. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, ते मूल संस्थेत असतानाच काढून झालं तर पुढची किती धावपळ वाचते! बालगृहातली सगळीच मुलं अनाथ नसतात हेही लक्षात ठेवा, बऱ्याच जणांना आई किंवा वडील असतात, फक्त सांभाळायची परिस्थिती नसते.

मग जिल्हा बाल संरक्षण कक्षात, म्हणजे जिल्ह्यातल्या अशा मुलांचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात जा. यंदा किती जण १८ पूर्ण करतायत, त्यांना नेमकं काय कमी पडतंय, जवळ अनुरक्षणगृह आहे का, एवढंच विचारा. मुलांची नावं मागू नका.

आता खरं काम. सगळ्यांसमोर एकच भाषण ठोकून काही होत नाही, लोक हळहळतात आणि घरी जातात. ज्याच्याकडे जे आहे त्याच्याकडे तेच मागा. सोसायटीच्या मीटिंगला गेलात तर भाड्याच्या खोलीचं बोला, कारण घरमालक पहिलं विचारतो आईवडील काय करतात आणि तिथेच गाडी अडते, शिवाय डिपॉझिट एकरकमी कुठून आणणार, तर ते हप्त्याने घ्याल का असं सरळ विचारा. दुकानदार, वर्कशॉपवाले यांना पगारी ट्रेनिंगचं विचारा, फुकट राबवून घेणं नको. बँकेत किंवा तहसील कार्यालयात नोकरी केलेले रिटायर्ड काका-काकू फॉर्म भरायला सोबत गेले तरी मोठं काम होतं. बचत गटाच्या ताईंना मी आवर्जून सांगेन, कारण महिन्याचे पैसे कसे पुरवायचे हे त्यांच्याइतकं चांगलं कोण शिकवणार.

गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवर कार्यक्रम घ्यायचा असेल तर लहान मुलांना उभं करून त्यांची कहाणी सांगायला लावू नका प्लीज. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला फोटोसुद्धा ओळख उघड करतोच. बोलायला बोलवायचं तर बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या एखाद्या मोठ्या दादाला किंवा ताईला बोलवा, तेही त्यांची इच्छा असेल तरच, काय सांगायचं ते त्यांनीच ठरवायचं, प्रवासखर्च आणि मानधन द्यायचं, आणि आईवडिलांबद्दल खोदून प्रश्न कुणी विचारणार नाही हे आधीच जाहीर करायचं.

कार्यक्रमातच एक वही फिरवा, नाव, नंबर आणि नेमकं काय देणार ते लिहून घ्या, आठवड्याभरात प्रत्येकाला फोन करा, उत्साह ओसरायच्या आत. ही यादी संरक्षण कक्षाला द्या म्हणजे ओळख-पडताळणी त्यांच्यामार्फत होईल, परस्पर कुणाला मुलांच्या घरी पाठवू नका, विशेषतः मुलींच्या बाबतीत. आणि वहीत एक रकाना दिवाळीच्या सुट्टीचा ठेवा, कॉलेजचं हॉस्टेल आणि मेस तेव्हा बंद होते आणि बाकीची पोरं घरी जातात, तेवढे दिवस कुठल्या कुटुंबाकडे राहता येईल हे दिवाळीच्या महिनाभर आधीच ठरलेलं हवं.