ऑस्ट्रेलियात आईवडिलांसाठी सरकारी मदत घेताना

ऑस्ट्रेलियात पासष्टीपुढच्या आईवडिलांना घरकामात किंवा दुखण्याखुपण्यात मदत हवी असेल, तर आधी एजन्सी शोधत बसू नका. माय एज्ड केअर या सरकारी सेवेला १८०० २०० ४२२ वर फोन करून असेसमेंट, म्हणजे कोणती मदत लागते याची तपासणी, मागा. ती मोफत असते.

खरी गोची ही तपासणी करणाऱ्या असेसरसमोर होते. पाहुणा आला म्हणून आई नीट साडी नेसून बसते, चहा विचारते आणि 'माझं सगळं मीच करते' असं ठणकावून सांगते. मग मदत मंजूर होणार कशी? तोल कुठे जातो, कोणती गोळी घ्यायची राहते, बाथरूममध्ये कशाला धरावं लागतं, हे आधीच कागदावर लिहा आणि त्या वेळी शेजारी बसा. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागा.

नोव्हेंबर २०२५ पासून घरच्या मदतीची योजना 'सपोर्ट ॲट होम' आहे. नर्सिंग, फिजिओथेरपी यांचा खर्च सरकार उचलतं. साफसफाई, बागकामात मात्र आपला वाटा असतो: पूर्ण पेन्शनवाल्यांना १७.५ टक्के, स्वतःच्या पैशांवर राहणाऱ्यांना ८० टक्क्यांपर्यंत. मंजुरीनंतरही रांग असतेच, तेव्हा आई पडायची वाट न पाहता फोन करा.