रेंजफाइंडर फिल्म कॅमेऱ्यासाठी जुनी ५० एमएम लेन्स घेताय? या चुका टाळा

नवीन मुलं भेटतात तेव्हा लेन्स आधीच घेऊन झालेली असते. "सर, बरोबर घेतली ना?" एवढंच विचारायचं असतं. दोन आठवडे थांबून विचारलं असतं, तर बऱ्याच जणांचे पैसे वाचले असते. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

सगळ्यांत महाग चूक म्हणजे काच न तपासता घेणं. कॅननच्या थ्रेडवाल्या, म्हणजे आटे फिरवून बसवायच्या, ५० एमएम एफ १.८चं उदाहरण घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि उजेड जास्त येतो). १९५१ पासूनची लेन्स, बांधणी भक्कम, लायका या जर्मन कंपनीच्या लेन्सच्या मानाने स्वस्त. पण हिच्या ॲपर्चरच्या, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांमागच्या काचेवर धुरकट थर बसतो. कधी तो पुसला जातो. कधी काचच खाल्लेली असते, मग दुरुस्तीवाल्याच्याही हातात काही राहत नाही.

माझी पहिली मी फोनवरचे फोटो बघून घेतली. समोरून आरशासारखी लख्ख. बुधवारी सकाळी नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर गेलो. बाजार मांडला जात होता, ऊन पंचवटीच्या अंगाने वर येत होतं, आणि सायकलला तांब्याचे हंडे बांधलेला एक भांडीवाला थेट त्या उजेडातून माझ्याकडे आला. छत्तीसचा अख्खा रोल उजेडाकडे तोंड करून काढला. धुऊन आल्यावर एकाही फ्रेममध्ये काळा रंग नव्हता. सावल्या ताकासारख्या पांढुरक्या, हंड्यांची कड विरघळलेली. ते चित्र गेल्याची हळहळ मला आजही आहे.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. ॲपर्चर पूर्ण उघडायचं, मागून मोबाईलचा टॉर्च तिरपा धरायचा आणि समोरून बघायचं. धूळ चालते. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडाही चालतो. धुरकटपणा आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा फंगस चालत नाही. विकणारा टॉर्च लावू देत नसेल, तर नमस्कार करून निघायचं.

दुसरी चूक रशियन ज्युपिटर-८ची. लेन्स गोड आहे, मला आवडते. पण तिचं मूळ झाइस कंपनीच्या सोनार लेन्समध्ये, आणि झाइसच्याच कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचं ५० एमएमचं माप लायकाच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. रेंजफाइंडर लेन्समधून बघत नाही; वेगळ्या खिडकीत दोन प्रतिमा एकमेकींवर बसवून फोकस करायचा असतो. लेन्स किती पुढे-मागे सरकली, एवढंच त्याला कळतं. त्यामुळे लायकावर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसलेल्या दिसतात आणि फिल्मवर मात्र नाकाऐवजी कान शार्प येतो. एफ २ वर, एक मीटरवर हे हमखास कळतं. मी 'देशदूत' वर्तमानपत्राचं पान टेबलावर तिरपं ठेवतो, मधल्या एका ओळीवर फोकस करून चार फ्रेम काढतो. चार फ्रेम वाचवायला जाऊन लोक चार रोल घालवतात, हे बघवत नाही.

एफ १.४चा हट्ट सोडा. मेन रोडवर दुपारच्या उन्हात आयएसओ ४०० च्या फिल्मला १/५०० सेकंदाचं शटर आणि एफ १६ लागतं. सावलीत शटर हळू करून एफ ८ लावा, फोकस ३ मीटरवर ठेवून द्या, साधारण २.३ ते ४.२ मीटरपर्यंतचं सगळं शार्प येतं. भांडी बाजारात दुकानाच्या पायरीवरचा माणूस एवढ्याच अंतरावर असतो. रस्त्यासाठी लायकाची एफ २ची समिक्रॉन भरपूर, त्यांचीच एफ ३.५ची जुनी एल्मारसुद्धा पुरते. दहीपुलाच्या गल्लीत ५० अडचणीची वाटली, तर एक पाऊल मागे या. लगेच जास्त रुंद दिसणारी ३५ एमएम विकत घेऊ नका. सहा महिने एकच लेन्स वापरा, मग बोलू.

थ्रेडवाली लेन्स लायकाच्या एम बॉडीवर लावताना ॲडॅप्टर ५०-७५ चाच घ्या, नाहीतर व्ह्यूफाइंडरमध्ये फोटोची हद्द दाखवणारी भलतीच चौकट दिसेल.

एल्मारसारखी आत जाणारी लेन्स ओढून, फिरवून, लॉक झाली का बघा.

फोटो काढण्याआधी लेन्सचं झाकण काढा. व्ह्यूफाइंडरमध्ये ते दिसत नाही.

आणि पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये अजिबात ठेवू नका, फंगस तिथेच धरतो. माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात. दाण्यांचा निळा रंग गुलाबी झाला की ते जुन्या तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत गरम करतो, गार करतो आणि परत डब्यात टाकतो. तो तवा स्वयंपाकाला वापरत नाही.