जुन्या बाजारात मिळालेल्या चित्राचे मूळ कसे शोधावे

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर, फोर्टच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत किंवा गिरगाव-दादरच्या रद्दीच्या दुकानांत आजही देवादिकांच्या तसबिरी, दिवाळी अंकांची सुटी मुखपृष्ठे, कथाचित्रे आणि कॅलेंडरची पाने हाती लागतात. विकणारा बहुधा एखादे मोठे नाव सांगतो आणि घेणाराही त्याच नावावर भाळतो. वास्तविक चित्राचे मूळ शोधायचे म्हणजे ते कोणी काढले, कोणत्या पद्धतीने छापले, कोणी व कोणासाठी प्रसिद्ध केले आणि केव्हा, या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळवायची असतात. सही यांपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर देते आणि नक्कल करायला तीच सर्वांत सोपी असते. म्हणून सहीकडे सर्वांत शेवटी वळावे.

चित्र चौकटीत असेल तर ते आधी बाहेर काढावे. पाठीमागचा पुठ्ठा आणि त्याखाली घातलेली वर्तमानपत्राची घडी टाकून देऊ नये, कारण त्या वर्तमानपत्रावरची तारीख चौकट केव्हा बसवली याचा चांगला पुरावा असते. त्यानंतर चित्राचे चारही समास पाहावेत. मुद्रकाचे नाव, प्रकाशकाचा पत्ता, चित्राचा क्रमांक, नोंदणीचा उल्लेख हे सारे बहुधा खालच्या समासात बारीक अक्षरांत असते आणि चौकट करणारे नेमका तोच भाग कापून टाकतात किंवा माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीखाली, दडवतात. कितीतरी उत्तम चित्रे केवळ या कापाकापीमुळे अनामिक होऊन बसली आहेत, याची फार हळहळ वाटते. आपण नव्याने चौकट करून घेतली, तर समास दिसतील एवढे मोठे माउंट आवर्जून मागावे.

पुढचे काम भिंगाचे. घड्याळजी वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे होते. चेहऱ्याच्या किंवा आकाशाच्या फिकट भागावर ते धरले की छपाईची पद्धत बहुधा लगेच उघड होते. शिळाछापातील, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या, रंगीत चित्रात ठिपके दिसतात खरे, पण ते हाताने दिलेले असल्यामुळे लहानमोठे आणि विखुरलेले असतात. एका गालावर गुलाबी, पिवळसर आणि करड्या अशा अनेक रंगांचे थर एकमेकांवर आलेले दिसतात आणि कडेला एखादा रंग किंचित सरकलेला असतो. यावरच वार्निशाचा थर किंवा कॅनव्हाससारखा उठाव दिला की त्याला ओलिओग्राफ म्हणत. हाफटोन ब्लॉकवरून, म्हणजे चित्र बारीक ठिपक्यांत फोडून केलेल्या धातूच्या ठशावरून, झालेल्या छपाईत मात्र ठिपके नेमाने ओळीत बसतात, प्रत्येक ठिपक्याच्या कडेला शाई जमून गडद किनार तयार होते आणि कागद जाड नसेल तर ब्लॉकचा दाब पाठीमागून बोटाला जाणवतो. तिरंगी छपाईची जुनी मुखपृष्ठे अशी असतात. ऑफसेटमध्ये, म्हणजे रबरी पृष्ठावरून कागदावर उतरवलेल्या छपाईत, ठिपक्यांची जाळी नियमितच असते, पण ती कागदावर सपाट बसते, किनार नसते आणि दाबही लागत नाही. रंगांचे अतिसूक्ष्म तुषार कोणत्याही रचनेविना विखुरलेले दिसले, तर ते चित्र संगणकाच्या प्रिंटरमधून निघालेले आहे. कागद कितीही पिवळा असो.

कुठेच ठिपके नाहीत आणि रंग ब्रशच्या फटकाऱ्यांनी बसलेला आहे असे दिसले, तर छपाईसाठी केलेले मूळ चित्र हाती आले असण्याची शक्यता असते. अशा चित्रांवर छापखान्याच्या कामाच्या खुणा राहतात. चुकलेली रेघ पांढऱ्या रंगाने झाकलेली असते, कोपऱ्यांवर कापण्याच्या रेघा असतात, तर समासात ब्लॉक किती इंच रुंदीचा करायचा, छपाई किती रंगांत करायची अशा सूचना फिक्या निळ्या पेन्सिलीने लिहिलेल्या आढळतात. निळी पेन्सिल निवडण्याचे कारण असे, की ब्लॉक तयार करताना वापरल्या जाणाऱ्या फिल्मवर फिका निळा रंग उमटत नसे. पुष्कळांना या खुणा म्हणजे चित्रावरचे डाग वाटतात आणि ते त्या पुसायला जातात. कृपया पुसू नयेत. चित्र मूळ असल्याची साक्ष त्याच देतात.

काळ ठरवण्यासाठी छापील मजकूर हे सर्वांत भरवशाचे साधन आहे. १८६७ च्या कायद्याने पुस्तके व नियतकालिके यांच्यावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक झाले होते, त्यामुळे आपल्याकडील छापील साहित्यावर ही ओळ सहसा सापडते. किंमत आण्यांत असेल तर चित्र बहुधा १९५७ पूर्वीचे असते, कारण त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणेपद्धती आली. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असा उल्लेख १९५७ ते १९६४ या काळाकडे बोट दाखवतो. पत्त्यात ‘मुंबई ४’ असा एक-दोन अंकी विभाग असेल तर तो पिनकोडपूर्वीचा, आणि ‘४०० ००४’ असे सहा आकडे असतील तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. मात्र या खुणांचे वजन सारखे नसते. नवी गोष्ट छापलेली दिसली तर चित्र तिच्या आधीचे असूच शकत नाही, परंतु जुनी गोष्ट दिसली म्हणजे चित्र जुनेच असे म्हणता येत नाही, कारण छापखाने जुना ब्लॉक आणि जुना पत्ता पुढेही काही वर्षे चालवत असत.

तसबिरींच्या बाबतीत छापखान्याचे नाव आणि चित्रकाराचे नाव यांची गल्लत नेहमी होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. रविवर्मा १९०६ साली वारले, छापखाना मात्र त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिला आणि तेथे इतरांची चित्रेही छापली गेली. तेव्हा ‘रविवर्मा प्रेस’ ही अक्षरे केवळ मुद्रकाची ओळख देतात. ‘कार्ला-लोणावळा’ असा मळवलीच्याच परिसराचा पत्ता असेल तर ती प्रत स्थलांतरानंतरची समजावी. याच न्यायाने तसबिरींचे प्रकाशक ब्रिजबासी यांच्या चित्रावर कराची हा पत्ता असेल तर ते बहुधा फाळणीपूर्वीचे असते. त्यांची काही चित्रे तर जर्मनीत छापून येत, त्यामुळे ‘जर्मनीत मुद्रित’ या ओळीने चित्र परदेशी ठरत नाही. पुण्याच्या चित्रशाळेची शिळाछाप चित्रेही अशीच समासावरून ओळखावीत. तो छापखाना १८७८ चा आहे.

दिवाळी अंकांच्या आणि मासिकांच्या पानांचा शोध वेगळ्या वाटेने जातो आणि मला तो सर्वांत आनंदाचा वाटतो. सुटे पान उलटून पाठीमागचा मजकूर वाचावा: पानाच्या माथ्यावरचे शीर्षक, लेखकाचे नाव, कथेतील पात्रे, साबणाची किंवा लुगड्याची जाहिरात, बांधणीच्या टाक्यांची भोके. एवढ्या सामग्रीवर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दादर येथील संदर्भ विभागासारख्या ठिकाणी जुने अंक चाळून अंक आणि वर्ष निश्चित करता येते. चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्या चित्रांसाठी त्यांनी स्वतः १९४५ साली सुरू केलेल्या ‘दीपावली’पासून आरंभ करावा, पण तेथेच थांबू नये, कारण दलाल आणि त्यांच्यासारखेच चित्रकार रघुवीर मुळगावकर या दोघांनीही असंख्य प्रकाशकांची मुखपृष्ठे केली. शिवाय एकच ब्लॉक दोन प्रकाशनांत वापरलेला आढळतो. तुम्हाला सापडलेला अंक हाच चित्राचा पहिला अंक, असे लगेच धरू नये.

सही आता पाहावी. भिंगाखाली सहीतही छपाईचे ठिपके दिसले तर ती चित्राबरोबरच छापलेली आहे. तिने चित्रकार कोण ते कळते, पण त्या प्रतीवर त्याने स्वतः सही केली असे ठरत नाही. सही रंगाच्या वर, वार्निशाच्याही वर नंतर आलेली दिसली तर शंका घ्यावी.

नव्या नकला ओळखण्याची एक हमखास खूण आहे: घडीची रेघ. खऱ्या जुन्या कागदावर घडीपाशी तंतू तुटलेले असतात आणि बोट फिरवले की खाच लागते. नकलेत ती घडीच छापलेली असते आणि कागद सपाट असतो. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात शुभ्रता आणणारी रसायने आहेत, आणि असा कागद साधारण १९५० नंतरच सर्रास झाला.

जे सापडले ते कशावरून सापडले यासह नोंदवावे. ‘समासातील ओळीवरून मुद्रक निश्चित’, ‘शैलीवरून चित्रकार संभाव्य’, ‘किमतीवरून काळ १९५७ ते १९६४’ असे प्रत्येक विधान त्याच्या आधारासह वेगळे लिहावे आणि शैलीवरून केलेला अंदाज कधीही निश्चित या शब्दाखाली घालू नये. नोंद आम्लविरहित कागदावर मऊ पेन्सिलीने करून चित्रासोबत ठेवावी. चित्राच्या पाठीवर बॉलपेन चालवू नये, कारण मुंबईच्या दमट हवेत शाई पुढच्या बाजूला उतरण्याची भीती असते.